आठ महिने ओबीडी स्कॅनर वापरला: टर्बोचे 54 हजार वाचवले, आणि बॅटरी खाल्ली

नुकतीच दुसऱ्यांदा बॅटरी बसली, तीही पाच महिन्यांपूर्वी घेतलेली नवी, आणि कारण निघालं ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र. म्हणून आज हे लिहितोय.

गाडी 2014 ची डिझेल हॅचबॅक, 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेली. जुलैमध्ये गोव्याहून चोर्ला घाटातून बेळगावला परतताना कणकुंबीच्या अलीकडे इंजिन चेकचा दिवा लागला आणि पिकअपच गेला. धो धो पाऊस, मागे ट्रकची रांग. सेकंड गिअरमध्ये रडतखडत जांबोटी गाठली. दुसऱ्या दिवशी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये दाखवलं, तर मशीन लावून पाच मिनिटांत निदान झालं: टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारा पंप) गेला, 54 हजार, मजुरी वेगळी. कोड काय आला विचारलं तर सांगायला तयार नाहीत. चेकिंगचे 800 भरले आणि गाडी तशीच बाहेर काढली.

त्या रागात 950 रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. एप्रिल 2013 नंतरच्या बीएस-4 (प्रदूषणाच्या नियमांतल्या) गाड्यांना ओबीडी-2, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची सोय, आहेच, त्यामुळे स्टिअरिंगखालचा सोळा पिनांचा सॉकेट सापडायला अडचण आली नाही. कोड निघाला पी 0299. त्याचा अर्थ एवढाच, की टर्बोकडून जेवढा दाब यायला हवा तेवढा येत नाही. टर्बो खराब आहे, असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही! दाब कमी का, ते शोधणं हे गॅरेजचं काम होतं, आणि त्याचेच मी 800 दिले होते.

मग लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, बघितला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच, त्यामुळे इंजिन बंद आणि चावी ऑन असताना मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब 92 किलोपास्कल दिसतो. मुलाच्या हातात मोबाईल दिला आणि जांबोटी रोडच्या चढावर थर्डमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आकडा 108 च्या वर जाईना. चढावर तो दीडशेच्या पुढे जायला हवा. ते आकडे वहीत लिहून उद्यमबागेच्या मागच्या आमच्या जुन्या मिस्त्रीमामांकडे नेले. त्यांनी वही बघितली, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून इंटरकूलरच्या होजखाली (टर्बोची हवा इंजिनाकडे नेणाऱ्या पाइपखाली) हात घातला आणि म्हणाले, "टर्बो कशाला बदलतासा? हे बघा की, होज फाटलाय, सगळी हवा इथनंच जातीय."

क्लिपच्या अगदी खाली, बोटभर लांबीची चीर. वरून दिसतच नव्हती. हात लावला तर हवेचा झोत तळव्याला जाणवत होता आणि आजूबाजूला तेलकट काजळी. नवा होज 1,450, मजुरी 400. परत त्याच चढावर आकडा 194 गेला. त्या दिवशी मी चार जणांना फोन करून सांगितलं, की सगळं सोडा आणि आधी हा स्कॅनर घ्या.

आता दुसरी बाजू. सप्टेंबरमध्ये गणपती आणायला निघालो, तर सेल्फ लागेना. गाडी दहा-बारा दिवस उभी होती. बॅटरी चार वर्षांची, म्हणून जुनी झाली असं समजून 5,200 ची नवी बसवली. फेब्रुवारीत 12 दिवस पुण्याला रेल्वेने जाऊन आलो आणि ही नवीही बसलेली! तेव्हा मिस्त्रीमामांनी बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर लावला. स्कॅनर काढला की करंट खाली, लावला की 60 मिलिअँपिअर वर. म्हणजे दिवसाला जवळजवळ दीड अँपिअर-अवर, 12 दिवसांत 17. बॅटरी 45 ची, आणि घड्याळ, सेंट्रल लॉक आपलं वेगळं खातातच. सॉकेटच्या 16 नंबरच्या पिनला चावी काढली तरी थेट बॅटरीचा करंट असतो. हे त्या डब्यावर एका ओळीत लिहायला काय हरकत होती? साधं एक बटण द्यायला किती खर्च आला असता? मागच्या गणपतीतली बॅटरी कदाचित नुसती चार्ज करून चालली असती, हे मनातून जात नाही.

डब्यावर "व्हर्जन 1.5" छापलंय तेही खोटंच. असल्या स्कॅनरमधली मूळ एल्म 327 चिप पूर्वी बनवणाऱ्या कॅनडाच्या कंपनीने 1.4 नंतर थेट 2.0 काढली, 1.5 कधी काढलीच नाही. नक्कल आहे, पण इंजिनचे कोड नीट वाचते. एबीएस (ब्रेकची यंत्रणा) आणि एअरबॅगचं मात्र काही कळत नाही. डिसेंबरमध्ये एअरबॅगचा दिवा लागला, तेव्हा स्कॅनर गप्प होता आणि शोरूमलाच जावं लागलं.

अजून एक चूक माझ्याकडून झाली, तुम्ही करू नका. जानेवारीत दिवा लागल्याबरोबर मी कोड पुसून टाकला. त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाडाच्या क्षणी आरपीएम किती, इंजिनचं तापमान किती, ती नोंद. मिस्त्रीमामा माझ्यावर चिडले, आणि ते बरोबर होते. दिवा परत लागेपर्यंत आठवडाभर थांबावं लागलं. आता आधी स्क्रीनचा फोटो काढतो, मग मामांना दाखवतो, पुसायचं काम तेच करतात.

बॅटरी धरून हिशेब केला तरी मी खूप फायद्यात आहे, म्हणून फेकला नाही. मध्यंतरी रागाने ड्रॉवरमध्ये टाकला होता, तो परत काढला. पण आता कायम लावून ठेवत नाही. काम झालं की काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात, आणि गाडीच्या चावीला त्याची आठवण म्हणून लाल दोरा बांधलाय. गेल्या रविवारी गोव्याला उतरताना मुद्दाम लावला होता. चोर्ला संपून खाली गेल्यावर चावी ऑन करून बघितलं, तर 92 चा आकडा 101 झाला होता. परत येताना कणकुंबीच्या चढावर मुलगा आकडा मोठ्याने वाचत होता, 170, 185, 190, आणि गाडी थर्डमध्ये न कुरकुरता चढली.