नागपूरच्या मानेवाड्यातलं जनऔषधी केंद्र : शुगरवाल्यांनी जावं, पण फोन करून

दुकान लहान, बोर्ड त्याहून लहान. समोर संत्र्याची हातगाडी लागते, तिच्या आड अर्धा बोर्ड झाकतो. आईचं इन्सुलिन आणि माझ्या गोळ्या मी इथूनच नेतो. ऑटो चालवतो, म्हणून भाव आधी सांगतो.

शुगरच्या मेटफॉर्मिन 500 ची दहा गोळ्यांची साधी पट्टी दहा रुपयांच्या आत येते. खरा दिलासा सिटाग्लिप्टिन या शुगरच्या दुसऱ्या गोळीचा. 2022 च्या जुलैत पेटंट संपायच्या आधी एकेक गोळी चाळीसच्या आसपास पडायची. त्याच सप्टेंबरात जनऔषधीत 50 एमजीच्या दहा गोळ्या साठ रुपयांना आल्या. आमच्या स्टँडवर महागाईपायी गोळी एकाआड एक दिवस खाणारे कितीतरी आहेत. 2023 मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अभ्यासात देशात 10 कोटींच्या वर शुगरवाले निघाले. इथली सकाळची रांग पाहिली की पटतं, आणि त्यात पंचविशीतली पोरंही असतात.

पण मी येतो ते काउंटरवरच्या ताईंमुळे. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असलं तरी त्या आतला घटक, पॉवर, एसआर (हळूहळू विरघळणारी) आहे की साधी, सगळं जुळवूनच गोळी देतात. वर बजावतात, "भाऊ, डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून आणत जा न."

एकदा माझ्या पुढच्या काकांनी 40 च्या (एका मिलीत 40 युनिट) इन्सुलिनच्या बाटलीसोबत केशरी टोपणाची सिरिंज मागितली. ताईंनी दिलीच नाही. ती एका मिलीत 100 युनिटवाल्या इन्सुलिनची असते. 40 च्या बाटलीतून तिच्यात 20 च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात फक्त 8 युनिट जातात, हे त्यांनी कागदावर आकडे मांडून दाखवलं आणि लाल टोपणाची दिली. काका म्हणे, "म्हणूनच शुगर उतरून नाही राहिली काय!" मागे रांग खोळंबली होती, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

उन्हाळ्यात ताई इन्सुलिनसोबत बर्फाची थैली देतात, मध्ये कागद घालून, कारण गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. नागपूरच्या मे महिन्यात बाटली ऑटोच्या डिक्कीत ठेवून घरी नेणं म्हणजे पैसे उन्हात घालणं. घरी फ्रीज आहे का, तेही विचारतात.

एक स्टार कापला तो साठ्यासाठी. महिनाअखेरीस ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची जोडगोळी हमखास संपलेली असते. "परवा या" म्हणतात आणि परवाही माल आलेला नसतो. रोजीवाल्याला हे फेरे परवडत नाहीत बाप्पा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचंही तेच.

दुपारी जेवणाला शटर अर्धं खाली असतं, तेव्हा जाऊ नका. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी गेलात तर सगळं मिळतं.