क्षारपड रानात मका: दाण्याचा, चाऱ्याचा की स्वीट कॉर्न?

शिरोळ, वाळवा भागातील क्षारपड रानात उसाला पालट म्हणून मका घ्यायचा असेल, तर हे पीक क्षारांना हळवे आहे हे धरूनच वाण निवडावा. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे त्यातील क्षारांचे माप, सुमारे १.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की दाण्याचे उत्पादन वाढत्या प्रत्येक एककामागे साधारण १२ टक्क्यांनी घटते. चाऱ्याच्या मक्याची मर्यादा (१.८) जवळपास तीच असली, तरी त्याची घट ७.४ टक्केच असते. म्हणजे वाहकता ६ असलेल्या रानात दाणा निम्म्याहून खाली येतो, चारा मात्र दोन-तृतीयांशाच्या आसपास मिळू शकतो.

क्षारांमुळे आधी मुळांना पाणी ओढणे जड जाऊन पाने लहान राहतात आणि पुढे सोडियम साचून जुन्या पानांचे शेंडे व कडा करपतात. दाण्याच्या मक्याला याखेरीज दाणे धरण्याच्या वेळी आणखी एक फटका बसतो: कोवळ्या दाण्यांना मिळणारी साखर नीट वापरता येत नाही आणि कणसात दाणे कमी भरतात. आफ्रिकन टॉलसारखा चाऱ्याचा वाण फुलोऱ्याच्या सुमारास कापला जात असल्याने या फटक्यातून सुटतो. स्वीट कॉर्नची मर्यादा दाण्याच्या मक्याइतकीच आहे; शिवाय अतिगोड वाणांच्या सुरकुतलेल्या बियांत पिष्ट कमी असल्याने त्यांची उगवण मुळातच नाजूक असते, त्यामुळे भाव कितीही चांगला असला तरी अशा रानात मी तो शेवटी धरीन.

संकरित वाणांतही फरक असतो. जे वाण सोडियम मुळांतच अडवून पानांपर्यंत जाऊ देत नाहीत, ते अधिक तग धरतात. जर्मनीतील गीसेन येथे या गुणावर निवड करून क्षारसहनशील संकर तयारही झाले आहेत, परंतु आपल्याकडे बियाण्याच्या पिशवीवरून हा गुण सहसा कळत नाही. म्हणून दोन-तीन वाणांच्या ओळी शेजारी-शेजारी लावून कोणत्या वाणाची जुनी पाने कमी करपतात ते तपासावे.

माती परीक्षणाच्या अहवालातील वाहकता बहुधा माती आणि पाण्याच्या १:२ किंवा १:२.५ मिश्रणाची असते आणि ती संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बरीच कमी दिसते, त्यामुळे वरील आकडे तिला थेट लावू नयेत. सामू (pH) ८.५ च्या वर असलेल्या चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीला हा हिशेबच लागू नाही. तिथे निचरा आणि जिप्सम आधी, वाण नंतर. संपृक्त अर्काची वाहकता ६ च्या जवळ असेल, तर ६.८ पर्यंत उत्पादन टिकवणारी ज्वारी मक्याच्या कोणत्याही वाणापेक्षा बरी.