कीडी, वनशॉट शिफ्ट आणि इन्स्क्रिप्ट : काही महिने वापरल्यावर

लिनक्स मिंटच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) डेस्कटॉपवर मी रोज इन्स्क्रिप्टमधून (भारतीय भाषांचा सरकारमान्य की-बोर्ड लेआउट) मराठी टाइप करते, कामच ते आहे, टायपिंग आणि प्रुफं. गेले काही महिने शिफ्ट, कंट्रोल, आल्ट, कॅप्स लॉक सगळं ‘कीडी’ नावाच्या, बटणांची कामं बदलून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरकडे दिलंय आणि आता परत मागे जायची अजिबात इच्छा नाही. इन्स्क्रिप्टवाल्यांनी तर हे वापरून बघाच.

मुख्य कारण शिफ्ट. ख घ छ झ ठ ढ थ ध फ भ, दहाच्या दहा महाप्राण अक्षरं शिफ्ट धरूनच येतात आणि ती सगळी उजव्या हाताखाली आहेत, म्हणजे शिफ्ट धरणार कोण तर डावी करंगळी, ळ आणि श ला पण तीच. दिवसाला पंधरा-वीस पानं टाइप करणाऱ्याला विचारा संध्याकाळी काय होतं ते. कीडीत वनशॉट म्हणून सोय आहे, शिफ्ट नुसती टिचकी मारून सोडायची, पुढचं एकच अक्षर शिफ्टसकट येतं, आणि नेहमीसारखी धरून ठेवली तरी चालते. पहिले काही दिवस हात जुन्याच सवयीने जातो, मग बसतं. माझी करंगळी ठणकायची ती थांबली, यापुढे बाकी सगळे फायदे दुय्यम. एक अडचण येते, शिफ्टला टिचकी मारली आणि विचार बदलला तर ती तशीच ताटकळत राहते आणि नंतर भलतंच अक्षर उमटतं. त्यासाठी कीडीच्या सेटिंग फाइलमधल्या ग्लोबल भागात वनशॉट टाइमआउट (किती वेळाने ती आपोआप सुटावी) द्यायचा, मिलिसेकंदात असतो, मी ८०० ठेवलाय.

आधी मी मिंटच्या की-बोर्ड सेटिंगमध्येच सगळं करायचे, लेआउटमध्ये जाऊन ऑप्शन्स. ते वाईट नाही पण तिथे काही खाचा आहेत. भाषा बदलायला कंट्रोल-शिफ्ट ठेवलं की एक्स-इलेव्हनवर (लिनक्समध्ये खिडक्या आणि की-बोर्ड सांभाळणारी जुनी यंत्रणा) भाषा बटण दाबल्या दाबल्याच बदलते, मग टर्मिनलमधलं (हुकूम टाइप करायची खिडकी) कंट्रोल-शिफ्ट-व्ही किंवा लिबरऑफिसचे तसले शॉर्टकट नीट लागतच नाहीत आणि माणूस उगाच त्या प्रोग्रामला दोष देत बसतो. भाषा बदलायला एकच सुटं बटण ठेवा, मेन्यू की किंवा स्क्रोल लॉक, कटकट संपते. लेआउटच्या यादीत इंग्रजी वरती आणि मराठी खाली ठेवा, नाहीतर काही प्रोग्राममध्ये मराठी चालू असताना कंट्रोल-सी चालत नाही. टर्मिनलवरून सेटएक्सकेबीमॅप या हुकमाने ऑप्शन देत असाल तर एक लक्षात ठेवा, नवीन ऑप्शन दिला म्हणून जुना जात नाही, एकावर एक साचत जातात, आधी रिकामा ऑप्शन देऊन पाटी कोरी करायची मगच नवा. शिवाय यूएसबी काढून परत लावली की हे सगळं उडतं. वेलँडवर (एक्स-इलेव्हनच्या जागी आलेली नवी यंत्रणा) तर हा मार्ग चालतच नाही.

कीडी या सगळ्या सेटिंगच्या खाली, कर्नलने (सिस्टीमच्या गाभ्याने) की-बोर्डचं बटण वाचलं की तिथेच काम करतं, म्हणून एक्स-इलेव्हन असो, वेलँड असो की नुसती काळी कन्सोल असो, सगळीकडे तेच वागतं. यूएसबी काढा घाला, फरक नाही. माझ्या फाइलमध्ये चारच गोष्टी आहेत, शिफ्ट वनशॉट, उजवा आल्ट वनशॉट ऑल्ट-जीआर, म्हणजे बटणावरची जादा चिन्हं आणणारा आल्ट (इंग्लिश इंडिया रुपीवाल्या लेआउटवर ४ सोबत ₹ येतो, बिलं करताना फार उपयोगी), कॅप्स लॉकचा कंट्रोल, आणि तो टाइमआउट. फाइल बदलली की रीलोड करायचं, मशीन बंद-चालू करायची गरज नाही.

बटणं विचित्र वागायला लागली तर कुठे शोधायचं हे आता मला पाठ झालंय. पहिलं म्हणजे की-बोर्डवरच बघा, मॅक-विंडोज असं सरकतं बटण असलेले की-बोर्ड खूप आलेत, पुसताना ते सरकतं आणि आल्ट-विंडोज अदलाबदल होते, मग सेटिंगमध्ये कितीही शोधा. दुसरं, कितीही दाबा अक्षरच उमटत नाही किंवा खूप उशिरा उमटतं असं झालं तर ॲक्सेसिबिलिटीत स्लो कीज (बटण थोडा वेळ धरलं तरच अक्षर घेणारी सोय) चालू झालंय का बघा, की-बोर्डवरून चालू करायची परवानगी असेल तर शिफ्ट आठ सेकंद धरली की ते आपोआप लागतं, आणि पाच वेळा शिफ्ट दाबली की स्टिकी कीज (शिफ्ट-कंट्रोल सोडलं तरी पुढच्या बटणापर्यंत धरल्यासारखं ठेवणारी सोय). ती परवानगीच काढून टाका, वनशॉट असताना स्टिकी कीजची गरजच उरत नाही. तरी नाही सापडलं तर कीडी सेवा थांबवून कीडी मॉनिटर चालवायचं, बटण दाबलं की त्याचं खरं नाव दिसतं, तिथे बरोबर दिसलं तर दोष वरच्या सेटिंगमध्ये.

कमी काय, तर खिडकीवालं सेटिंग नाही, हाताने फाइल लिहावी लागते, आणि मला तर सोर्सवरून (मूळ कोडवरून) बिल्ड करून टाकावं लागलं, टर्मिनलची भीती असेल तर कुणाला तरी शेजारी बसवा. घरात दुसरं कुणी त्याच मशीनवर बसत असेल तर त्यांना वनशॉट शिफ्ट खटकते, माझ्या मुलाला खटकली, पण फाइलमध्ये सरसकट सगळ्या की-बोर्डऐवजी एकाच की-बोर्डचा आयडी देता येतो, तो त्याच्या जुन्या की-बोर्डवर टाइप करतो, मी माझ्या, दोन्ही एकाच वेळी लावलेले असतात. आणि फाइल लिहिताना काही गडबड होऊन की-बोर्ड हातातून गेलाच तर बॅकस्पेस, एस्केप, एंटर एकदम दाबायचं, कीडी बंद पडतं आणि साधा की-बोर्ड परत मिळतो. इन्स्टॉल करायच्या आधी हे कागदावर लिहून ठेवा.