धाप आणि धास्ती, दोन्हींवर उपचार: होटगी रस्त्यावरील श्वसन पुनर्वसन वर्ग

सोलापुरातील होटगी रस्त्यावरील एका खासगी दवाखान्यातला श्वसन पुनर्वसनाचा वर्ग माझ्या वडिलांनी नुकताच पूर्ण केला. त्यांची उभी हयात यंत्रमागावर, सुताच्या धुळीत गेली. जोडीला विडी होती. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराची औषधे नियमित चालू असूनही, वाटेत धाप लागेल या धास्तीने त्यांनी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणेसुद्धा सोडले होते. चालण्याचा सराव आणि हातापायांचे व्यायाम अशा प्रत्येक वर्गात असतातच, पण या वर्गात जीव घाबरा होणे हा मनाचा कमकुवतपणा न मानता आजाराचाच भाग मानतात, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

सुरुवातीलाच सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीबरोबर चिंता मोजणारी जीएडी-७ ही सात प्रश्नांची प्रश्नावली मराठीतून भरून घेतली गेली. काळजी आवरत नाही का, हे बाबांना तोवर कोणी विचारलेच नव्हते. घाबरल्यावर श्वास भरभर होतो, आधीची हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास घेतला जातो, हवा फुप्फुसांत कोंडून राहते आणि धाप आणखी वाढते, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी फार शांतपणे समजावले. मग खुर्चीत पुढे वाकून, कोपरे मांड्यांवर टेकवून, नाकाने घेतलेला श्वास ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ सावकाश सोडण्याचा सराव झाला. तोंडासमोर हातातला छोटा पंखा धरला की धाप कमी जाणवते, हेही तिथेच कळले. बाबा आता तो खिशातच ठेवतात. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपानेही छाती धडधडू शकते, हात थरथरू शकतात, हे कळल्यावर त्यांचा जीव बराच भांड्यात पडला. झोपेच्या काही गोळ्या श्वास मंदावतात, म्हणून त्या आपल्या मनाने घेऊ नयेत, ही ताकीदही योग्यच होती.

तक्रारी दोन आहेत. धाप लागणाऱ्यांचा वर्ग पहिल्या मजल्यावर असावा आणि लिफ्ट बहुतेक वेळा बंद असावी, हे अजिबात पटत नाही. शिवाय वर्गाची वेळ भर दुपारची असल्याने तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळणाऱ्या बायकांना येणे जमत नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळची तुकडी सुरू करावी, अशी कळकळीची विनंती मी लेखी दिली आहे. वर्ग संपल्यावर मन खचले तर टेली-मानसच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते, ही माहिती मात्र तिथे प्रत्येकाच्या फाइलवर लिहून देतात.