आइसलँडी लोकरीची हातविणीची केप : नऊ महिने, सात सण

ब्रिस्टलला राहायला आल्यापासून मी इथल्या एका छोट्या पेगन, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेला मानणाऱ्या, गटाबरोबर वर्षचक्राचे, म्हणजे ऋतूंप्रमाणे येणारे आठ सण पाळते. विधी बहुतेकदा एव्हबरीच्या शिळावर्तुळात, शेकोटीचे सण गटातल्या एकीच्या शेतावर. सगळं उघड्यावरच. आधी माझ्याकडे ॲक्रिलिकची केप होती. एका बेल्टेनला, म्हणजे मेच्या सुरुवातीच्या शेकोटीच्या सणाला, तिच्या काठावर ठिणगी पडली आणि धागा वितळून काळे, कडक मणी झाले. त्यातला एक माझ्या पोटरीला चिकटला. त्याच आठवड्यात लोकर मागवली.

लेट्टलोपी ही आइसलँडी लोकर घेतली. ५० ग्रॅमच्या गुंडीत १०० मीटर धागा, सुई ४.५ मिमीची, एकूण २४ गुंड्या. गळ्यापासून खाली गोल विणत गेले. आठ सणांच्या आठ कळ्या, दोन कळ्यांच्या मध्ये वेणीची वीण. पाच महिने लागले. दुकानाने शेवटच्या चार गुंड्या रंगवण्याच्या वेगळ्या खेपेतल्या, जरा निराळ्या छटेच्या पाठवल्या आणि बदलूनही दिल्या नाहीत, म्हणून खालच्या घेरात दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या असं विणावं लागलं. उन्हात तो पट्टा अजून दिसतो, आणि दर वेळी मला खुपतो.

साविनपासून, म्हणजे ३१ ऑक्टोबरपासून, ती अंगावर आहे. यूलला, म्हणजे डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सणाला, सूर्योदय आठनंतरचा, गवतावर दहिवर गोठलेलं. तरी आत फक्त सुती कुर्ता पुरला. आइसलँडच्या मेंढीला दुहेरी लोकर असते, वरची लांब आणि राठ, आतली मऊ. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या इम्बॉल्क सणाला भुरभुर पावसात थेंब वरच्या केसांवर मण्यांसारखे उभे राहिले. दोन तासांनी खांदे ओलावले, पण थंडी वाजली नाही. मानेला मात्र ती टोचते. गळ्याला आतून मलमलची पट्टी लावाच.

खरी अडचण वजनाची. १.२ किलोची वीण स्वतःच्याच भाराने उतरते. गुडघ्यापर्यंतची केप फेब्रुवारीपर्यंत ९ सेंटीमीटर लांबली आणि शेकोटीभोवती फिरताना पायात यायला लागली. मागच्या गळ्याला आणि दोन्ही खांद्यांवर आतून क्रोशाची घट्ट साखळी घातली, तेव्हा ओघळणं थांबलं. विणतानाच घालायला हवी होती. पितळी ब्रोचच्या टाचणीने टाके ताणून भोकं पडली, तिथे आता आतून चामड्याचा तुकडा आहे. ही केप हँगरला कधीच लावू नका, घडी करून ठेवा. धुतल्यावर पिळू नका. टॉवेलवर पसरली की दोन दिवसांत वाळते.

यंदाच्या बेल्टेनला पुन्हा ठिणगी पडली. केस जळल्यासारखा वास आला, तिळाएवढा काळा ठिपका पडला आणि आपोआप विझला. बोटाने चोळला तर राख झाली. माझ्यासाठी पाच महिन्यांचं चीज तिथेच झालं.

विधीला काय घालावं याचा एकच नियम इथे नाही. ड्रुइड या पेगन पंथात पांढरे झगे खूप दिसतात. जेराल्ड गार्डनर यांनी विसाव्या शतकात रुजवलेल्या विक्का या पेगन परंपरेत काही जण निर्वस्त्र विधी करतात. त्याला ‘स्कायक्लॅड’ म्हणतात, अगदी आपला दिगंबर शब्द. मला मात्र ही केप खांद्यावर घेताना आजीची सोवळ्यातली धाबळी आठवते. तीही लोकरीचीच, तशीच टोचरी, आणि ती अंगावर आली की आजीचा आवाज खाली यायचा.

१ ऑगस्टला लुनासाच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, उन्हात ती अर्ध्या तासात उतरवून गवतावर अंथरली, आणि नैवेद्याचा पाव तिच्यावरच मोडला. उन्हाळ्यासाठी आता पातळ शेटलँड लोकरीची, कमरेपर्यंतची विणायला घेतली आहे. तिच्या खांद्यांना साखळी पहिल्या ओळीपासूनच आहे.