रॅचेटवालं क्रिंपिंग टूल, २७ वर्षं वापरून मग लिहितोय

रिटायर झाल्यावर कामाची बॅग रिकामी केली तेव्हा तळाशी हे टूल, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायची पक्कड, निघालं आणि वाटलं याचा रिव्ह्यू लिहायलाच हवा, कारण राउटर, सर्व्हर, फायरवॉल यांच्याबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात पण ज्या कनेक्टरवर ते सगळं उभं असतं तो ज्याने दाबतात त्याबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही.

१९९८ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलं, त्यासाठी पुण्याहून मुद्दाम गेलो होतो. ९०० रुपये पडले, पगार तेव्हा साडेतीन हजार, त्यामुळे घरी आई दोन दिवस बोलली नाही. कंपनीचं नाव केव्हाच पुसलं गेलंय, हँडलचं निळं रबर एका बाजूने गुळगुळीत झालंय, पण रॅचेट (आतली दात्यांची अडकण) अजून पहिल्या दिवसासारखंच कट्-कट्-कट् करतं.

मी कामाला लागलो तेव्हा भोसरीच्या कारखान्यांत नेटवर्कसाठी अजून कोएक्स होती, टीव्हीच्या केबलसारखी गोल. आरजी-५८ केबल, प्रत्येक पीसीच्या मागे बीएनसीचा टी (तीन तोंडांचा जोड) आणि लाइनच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर (टोक बंद करणारी टोपी), म्हणजे फरशी पुसताना मावशींच्या हाताने एक टर्मिनेटर निघाला तरी अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क झोपायचं आणि अकाउंट्सवाले नोव्हेलवर (तेव्हाची सर्व्हर सिस्टीम) अर्धी एंट्री तशीच सोडून माझ्याकडे बघत बसायचे. फॉल्ट शोधायचा म्हणजे जादा टर्मिनेटर खिशात टाकून लाइन मधे तोडायची, कुठला अर्धा भाग चालतोय बघायचं, मग त्याचा अर्धा. १८५ मीटरचा सेगमेंट, म्हणजे सलग लाइन, असला तरी घोळ बहुतेक वेळा केबलमध्ये नसायचाच, जोडात असायचा. मग हब आले (सगळे पीसी एका डब्याला जोडायचे), कॅट फाइव्ह केबल आली (आठ वायर, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या), तरी ही गोष्ट काही बदलली नाही.

आधी ऑफिसचं साधं टूल वापरायचो, बिनरॅचेटचं. त्यात किती दाबायचं ते आपल्या हातावर असतं. सकाळचा पहिला कनेक्टर झकास, पण संध्याकाळी चाळिसाव्याला मनगट दुखायला लागलेलं असतं आणि मधल्या दोन पिना केसभर वर राहतात. डोळ्याला दिसत नाही, केबल तपासायच्या टेस्टरवर लाइट लागतात, आणि महिन्याभराने तोच पॉइंट ये-जा करायला लागतो. रॅचेटवालं टूल पूर्ण दाबल्याशिवाय तोंड उघडतच नाही, त्यामुळे पहिला आणि चाळिसावा कनेक्टर सारखाच दाबला जातो. माझ्यासाठी पाचपैकी चार स्टार इथेच झाले.

पण टूल म्हणजे जादू नाही, हेही सांगतो. चाकणजवळच्या एका कारखान्यात (नाव नको) दुपारी डिस्पॅचची गर्दी झाली की सिस्टीम हँग व्हायची. आधीच्या लोकांनी स्विच बदलला, सर्व्हरची रॅम वाढवली, मॅनेजरसाहेब सॉफ्टवेअरवाल्यांना शिव्या घालत होते. टेस्टर लावला तर आठही लाइट ओळीने हिरवे. शेवटी एक केबल काढून कनेक्टर उजेडात धरला आणि प्लॅस्टिकमधून रंग वाचले: व्हाइट ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट ग्रीन, ग्रीन, व्हाइट ब्लू, ब्लू… दोन्ही टोकांना असंच, दिसायला अगदी नीटनेटकं. पण तीन आणि सहा नंबरच्या पिनांवर एकाच पिळाच्या दोन वायर लागतात, म्हणून तर व्हाइट ग्रीननंतर ब्लू, व्हाइट ब्लू आणि मग ग्रीन येतो. इथे त्या दोन वेगळ्या पिळांतल्या होत्या, त्यामुळे एका जोडीचा सिग्नल दुसऱ्या जोडीत घुसत होता, काम कमी असताना निभावून जायचं आणि लोड आला की बोंब. साधा टेस्टर फक्त वायर पोचली का ते सांगतो, जोडी बरोबर आहे का ते नाही. त्या रात्री २२ केबलींची दोन्ही टोकं कापून नव्याने मारली, ४४ कनेक्टर, वॉचमनकाका तीनदा चहा देऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकही फोन आला नाही. नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत सर्टिफिकेटं पण मिळाली, पण त्या दुपारचं समाधान मला अजून आठवतं.

क्लाउड आला, वायफाय आलं, तेव्हा सगळे म्हणाले आता केबलचं काम संपलं. उलट वाढलं. छतावरचा वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट आणि गेटवरचा कॅमेरा, दोघांना डेटा आणि वीज एकाच केबलमधून, पीओईने. जोड कच्चा असेल तर आता नुसतं नेट जात नाही, कॅमेराच बंद पडतो. आणि शंभर एमबीपीएस स्पीडच्या काळात दोनच जोड्या लागायच्या म्हणून लोकांनी उरलेल्या जोड्यांवर इंटरकॉम चालवला होता, तिथे दहापट स्पीडच्या गिगाबिटला चारही लागल्यावर सगळं उपसून परत करावं लागलं, ते एक वेगळंच प्रकरण.

आता खोट्या बाजू. याचं सोलायचं ब्लेड जरा खोल जातं, आतल्या वायरला चीर पडते, म्हणून मी सोलायला वेगळा स्ट्रिपर ठेवला. जाड शील्डेड (धातूचं कवच असलेले) कनेक्टर यात बसत नाहीत, आरपारवाल्या कनेक्टरच्या पुढे आलेल्या वायर हे कापत नाही, त्यासाठी वेगळं टूल घ्या. ब्लेड दोनदा बदललं, बाकी स्प्रिंगला तेलाचा थेंब सोडून काही केलं नाही.

नवीन मुलांनी घ्यायचं असेल तर पुण्यात तापकीर गल्लीत बघा, पण दुकानातच रिकामा कनेक्टर दाबून मागा आणि आडवा धरून बघा, आठही पिना एका रेषेत खाली गेल्या पाहिजेत, एक जरी वर दिसली तरी ते टूल परत ठेवा. केबल घेताना वायर ब्लेडने जराशी खरवडा, आतून पांढरी निघाली तर ते तांबं नाही, वरून मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, त्यावर कुठलंही टूल काही करू शकत नाही.