ओह्मचा वॅट होऊ नये म्हणून: वेबपानावर ग्रीक अक्षरं कशी लिहावीत

माझी भाची इंदूरला भंवरकुआं भागातल्या एका क्लासला जाते. परवा क्लासच्या वेबपानावरचा फिजिक्सचा सराव पेपर मोबाइलवर उघडून तिने विचारलं, "मामा, रेझिस्टन्स दहा वॅट कसा असेल?" मी पानाचा कोड उघडला. पेपर बनवणाऱ्याने जुनी युक्ती वापरली होती: अक्षर इंग्रजीच लिहायचं आणि त्याला 'सिम्बॉल' फॉन्ट लावायचा. त्या फॉन्टमध्ये डब्ल्यू टाइप केला की Ω दिसतो, एम टाइप केला की μ. मोबाइलवर फॉन्ट लागला नाही, रेझिस्टन्सच्या Ω ऐवजी मूळचा डब्ल्यू, म्हणजे वॅटचं चिन्ह, दिसला आणि ओह्मचा वॅट झाला. पुढच्या गणितात मायक्रोफॅरडचा मिलिफॅरड, म्हणजे हजारपटीची चूक. पोरगी अर्धा तास स्वतःचीच चूक शोधत होती, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हा ही युक्ती आधी बाद करा. उरतात तीन रस्ते.

पहिला नावाचा. अँड चिन्ह, मग इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'अल्फा', मग सेमीकोलन, की झाला α. वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्या, म्हणजे एचटीएमएलच्या, डिसेंबर १९९७ च्या ४.० आवृत्तीपासून ही नावं आहेत. नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलं की मोठं ग्रीक अक्षर मिळतं. वाचायला सर्वांत सोपा प्रकार, पण एक्सएमएल या तिच्यासारख्याच, पण जास्त काटेकोर भाषेला स्वतःची अशी पाचच नावं ठाऊक असतात आणि त्यांत अल्फा नाही. त्यामुळे एसव्हीजी आकृतीच्या फाइलीत, जी एक्सएमएलमध्येच लिहिलेली असते, हेच नाव घातलं की फाइल उघडतच नाही.

दुसरा आकड्याचा, म्हणजे युनिकोड या सगळ्या लिपींच्या जागतिक यादीतल्या अक्षराच्या क्रमांकाचा: अँड चिन्ह, मग #945 आणि सेमीकोलन लिहिलं की α. हा एक्सएमएलमध्येही चालतो. आकडे पाठ करावे लागत नाहीत, कारण मोठी अक्षरं ९१३ ते ९३७, लहान ९४५ ते ९६९ आणि जोडीत नेहमी ३२ चा फरक. मधला ९३० रिकामा आहे. त्याचं कारण मला फार आवडतं: शब्दाच्या शेवटी येणाऱ्या लहान सिग्माचं रूप वेगळं असतं, त्याचा आकडा ९६२, आणि त्या रूपाला मोठं अक्षरच नाही. मराठी कीबोर्डवर काम करणाऱ्यांनी मात्र जपावं. कोडमधले आकडे इंग्रजीच हवेत. देवनागरी ९४५ घातलात तर ब्राउझर तो मजकूर जसाच्या तसा दाखवतो. हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे, आकडेही चालतात, ब्राउझरला दोन्ही सारखेच.

तिसरा रस्ता सरळ अक्षरच लिहिण्याचा, आणि मराठी पानासाठी माझं मत त्यालाच. देवनागरीसाठी पान यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, ठेवावंच लागतं. जिथे 'ळ' नीट दिसतो तिथे π ची काळजी नको. कोडही वाचनीय राहतो. यूटीएफ-८ ची घोषणा, म्हणजे पान कुठल्या पद्धतीत साठवलंय हे ब्राउझरला सांगणारी ओळ, पानाच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये हवी. ती राहिली आणि ब्राउझरने पान जुन्या पाश्चात्त्य संकेतानुसार वाचलं, तर α च्या जागी टोपीवाला इंग्रजी आय आणि शेजारी ± दिसतं. असं दिसलं की अक्षर बदलू नका, घोषणा तपासा.

सरळ लिहिण्यात एक खरी अडचण आहे. फ्रीक्वेन्सीचा ν आणि वेगाचा व्ही एडिटरमध्ये जुळ्या भावांसारखे दिसतात. अशा अक्षरांपुरतं मी नाव वापरतो. कोडमध्ये 'न्यू' दिसलं की शंका उरत नाही. तसंच, फाइल कुठल्या सॉफ्टवेअरमधून जाणार हे माहीत नसेल, तर फाइलीतली सगळीच ग्रीक अक्षरं आकड्यांत लिहा.

रस्ता कुठलाही घ्या, अक्षर मात्र नेमकं तेच हवं. मायक्रोचं वेगळं चिन्ह १८१ वर आहे आणि ग्रीक म्यू ९५६ वर. ओह्मचं चिन्ह ८४८६ वर आहे, ओमेगा ९३७ वर. ओह्मसाठी युनिकोड ओमेगाच वापरायला सांगतं. बेरजेचं चिन्ह ८७२१ मात्र मोठ्या सिग्मापेक्षा, म्हणजे ९३१ पेक्षा, खरंच निराळं आहे. गणितात तेच घाला.

क्लासला मी फोन केला. त्यांनी तो पेपर उतरवला आहे. जुन्या पेपरांत आता एकेक डब्ल्यू आणि एम हातानेच तपासावा लागेल, कारण खरा वॅट कुठला आणि बिघडलेला ओह्म कुठला, हे गणित वाचल्याशिवाय कळत नाही.